मोहोर हवी, कुलूप कशाला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. लांबच लांब कापडावर त्यांनी 'पंचीकरण' हा आपला ग्रंथ लिहून काढला. त्याला चारशे वर्षं होऊन गेली. आजही ती पासोडी उलगडली आणि बघणाऱ्याला ते अक्षर लावता आलं, तर तो ती वाचू शकतो. कापड, शाई आणि वाचणाऱ्याचे डोळे, एवढ्या तीन गोष्टींत काम भागतं. मध्ये चौथा कुणी लागत नाही.

आता आपल्या खिशातला पेन ड्राइव्ह घ्या, किंवा संगणकातली हार्ड डिस्क घ्या. पासोडीसारखंच हेही माहिती साठवण्याचं साधन. पण इथे मध्ये एक चौथा बसलेला असतो. तो दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही, आणि त्याच्या मर्जीशिवाय आतलं एक अक्षरही बाहेर येत नाही. त्याचं नाव फर्मवेअर. आज या चौथ्याविषयी बोलायचं आहे, आणि त्याला नवे नियम शिकवणारी जी फाइल कंपनीकडून येते, ती उघडून बघता येते का आणि का बघावी, याविषयीही.

मी बीडमध्ये गेली वीस-बावीस वर्षं संगणक दुरुस्तीचं काम करतो. दुकानात लग्नाचे फोटो काढणारे येतात, पतसंस्थेतले कारकून येतात, शाळेचे लिपिक येतात, प्रबंध लिहिणारे प्राध्यापक येतात. बोलणं कुठूनही सुरू होवो, शेवटी प्रश्न एकच असतो, "मशीन गेलं तर गेलं, पण आतलं निघंल का?" या 'आतलं' शब्दात माणसाचं काय काय असतं! बापाचा शेवटचा फोटो, जमिनीच्या वाटणीचे कागद, पाच वर्षांचं संशोधन. आणि ते सगळं त्या चौथ्याच्या हवाली केलेलं असतं.

हार्ड डिस्क म्हणजे नुसती फिरणारी तबकडी, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात तिच्या पाठीवर जी हिरवी पट्टी असते, तिच्यावर एक छोटा संगणकच बसवलेला असतो. त्याला स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची स्मरणशक्ती असते आणि स्वतःचा प्रोग्रॅम असतो. तो प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. त्याचा काही भाग पट्टीवरच्या चिपमध्ये आणि बराच भाग खुद्द तबकडीवरच्या एका राखीव जागेत असतो. ती जागा आपल्याला 'माय कॉम्प्युटर'मध्ये कधीच दिसत नाही.

या फर्मवेअरचं काम सांगायचं तर मला गावच्या तलाठ्याची आठवण होते. सरकारी कागदावर त्याचं नाव आता काहीही असो, आपल्यासाठी तो तलाठीच. जमीन शिवारात पसरलेली असते, पण कोणता गट कुणाचा, कुठून कुठवर, हे त्याच्या दप्तरात असतं. संगणक म्हणतो, "मला अमुक नंबरचा तुकडा दे." प्रत्यक्षात तो तुकडा कुठे पडला आहे, हे फक्त फर्मवेअरला ठाऊक. सातबाऱ्यावर जसा पोटखराबा लिहिलेला असतो, तशी तबकडीवरच्या खराब जागांची यादीही त्याच्याकडे असते. कारखान्यातूनच आलेल्या खराब जागा एका यादीत, वापरताना खराब झालेल्या दुसऱ्या यादीत. त्या जागा टाळून तो कारभार करतो.

आताच्या एसएसडीमध्ये, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपा असलेल्या डिस्कमध्ये, हा कारभार आणखी किचकट आहे. या चिपांमधली जागा पुन्हा पुन्हा लिहिल्यानं झिजते. एकाच जागेवर सारखं लिहिलं तर ती आधी मरेल. म्हणून फर्मवेअर आपण जशी पिकांची फेरपालट करतो तशी जागांची फेरपालट करत राहतं. आपण फाइल हलवलेली नसते, पण आतल्या आत ती हललेली असते. फेरफाराची नोंद त्याच्या दप्तरात. ते दप्तर बिघडलं तर जमीन जागच्या जागी असते, पण कुणाची कुठे हे सांगणारा उरत नाही. "डिस्क फिरतेय, काही आवाज नाही, पण कॉम्प्युटर ओळखत नाही," अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा जमीन शाबूत आणि दप्तर गेलेलं असतं.

आणि हा तलाठी खोटंही बोलू शकतो. धारूर तालुक्यातला एक तरुण माझ्याकडे मेमरी कार्ड घेऊन आला. घरचे सगळे ऊसतोडीला जाणारे. बाजारात स्वस्तात मिळालेलं, कुठल्याही नावाचं नसलेलं कार्ड, वर छापलेलं १२८ जीबी. मोबाइलमध्ये घातलं तर मोबाइलही १२८च सांगत होता. कारखान्यावरच्या सहा महिन्यांचे फोटो आणि व्हिडिओ त्यानं त्यात भरले होते, त्यात त्याच्या आजीचे अखेरचे फोटो होते. सुरुवातीचे उघडत होते, पुढच्यांची नुसती नावं दिसत होती. तपासलं तेव्हा आत जेमतेम ८ जीबीची चिप निघाली. कार्डाच्या फर्मवेअरला कुणीतरी १२८ म्हणायला शिकवलं होतं. आठ भरल्यावर पुढचं येईल ते हवेत, पण पावती मात्र रीतसर मिळत होती. त्या पोराला आजीचे फोटो मी देऊ शकलो नाही, कारण ते कधी लिहिलेच गेले नव्हते.

अशा कार्डाची परीक्षा सोपी आहे. 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' किंवा 'एफ-थ्री' यांसारखे फुकट मिळणारे प्रोग्रॅम पूर्ण कार्ड भरून काढतात आणि भरलेलं पुन्हा वाचून पडताळतात. धान्याच्या पोत्यावर लिहिलेल्या वजनावर विश्वास न ठेवता काट्यावर घालण्याचा हा प्रकार. नवं कार्ड घेतलं की आधी हे करावं, मगच त्यावर जीव टाकावा.

हे झालं लबाडीचं. पण नामांकित कंपन्यांच्या फर्मवेअरमध्येही चुका असतात, कारण ते माणसांनीच लिहिलेलं असतं. २००९ सालच्या जानेवारीत सीगेट कंपनीच्या 'बॅराकुडा ७२००.११' या हार्ड डिस्कचं प्रकरण जगभर गाजलं. डिस्क आपल्या कामाची एक अंतर्गत रोजनिशी ठेवत असे. ती रोजनिशी नेमक्या एका ओळीवर आलेली असताना संगणक बंद करून चालू केला, तर डिस्क अडून बसे. माहिती सगळी जागेवर, पण संगणकाला डिस्कच दिसेना. कंपनीनं दुरुस्त फर्मवेअर दिलं, तर त्या पहिल्या दुरुस्तीनं ५०० जीबीच्या काही डिस्क बंद पडल्या. ती मागे घेऊन कंपनीला पुन्हा नवी द्यावी लागली.

२०१२ मध्ये क्रुशलच्या 'एम-फोर' एसएसडीत दुसराच घोळ उघड झाला. ५,१८४ तास चालल्यावर, म्हणजे बरोबर २१६ दिवसांनी, ती संगणकाला प्रतिसाद देईनाशी होई. बंद करून चालू केली की तासभर चाले आणि पुन्हा गप्प. नव्या फर्मवेअरनं ती बरी झाली. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एचपीई कंपनीनं आपल्या सर्व्हरमधल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला की, ३२,७६८ तास पूर्ण झाले की ही डिस्क मरेल. डिस्कही परत मिळणार नाही आणि आतली माहितीही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास. हा आकडा बघितला की संगणक शिकलेला माणूस गालात हसतो. दोनाला दोननं गुणत गेलं, पंधरा वेळा दोन घेतले, की हा आकडा येतो. सोळा घरांच्या एका विशिष्ट मोजपट्टीत ३२,७६७ पर्यंतच आकडा मावतो, पुढे मावत नाही. आणि यातली खरी मेख अशी की सर्व्हरमध्ये चार-आठ डिस्का एकाच दिवशी बसवतात, एकीची माहिती दुसरीत राहावी म्हणून. इथे त्या सगळ्या एकाच दिवशी मरणार होत्या. दुरुस्तीची फाइल वेळेत चढवली, तरच सुटका.

म्हणजे फर्मवेअरची अपडेट फाइल ही कधी कधी औषध असते, आणि चुकीची असली तर विषही. मग औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी आपण वाचतो, तशी ही फाइल वाचता येईल का? काही प्रमाणात नक्की येते. त्यासाठी फार मोठं शिक्षण लागत नाही, थोडा धीर लागतो.

पहिली गोष्ट लक्षात ठेवायची, की ही फाइल बहुधा गाठोड्यात गाठोडं असते. वरून ती विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम दिसेल, किंवा सीडीची प्रतिमा, जिला आयएसओ म्हणतात, तशी दिसेल. तिच्यावर डबल क्लिक करण्याआधी 'सेव्हन-झिप'सारख्या गाठोडी सोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघा. पुष्कळदा आत फाइलींची यादी दिसते. आयएसओच्या आत एक छोटीशी चालवणारी प्रणाली असते. सीगेटच्या जुन्या आयएसओंमध्ये फ्रीडॉस असायचं, सॅमसंगच्या एसएसडीच्या आयएसओमध्ये लिनक्सचा लहान अवतार असतो. तिच्यासोबत फर्मवेअर डिस्कवर चढवणारा प्रोग्रॅम असतो आणि त्याच्या शेजारी खुद्द फर्मवेअरची फाइल. बाहेरचं गाठोडं शेकडो एमबीचं असेल, आतला ऐवज बहुधा त्याच्या मानानं अगदीच लहान निघतो.

दुसरी गोष्ट, फाइलीचं खरं कूळ तिच्या आडनावावरून ठरत नाही. नावापुढे काहीही लिहिता येतं. कूळ ओळखायचं ते पहिल्या दोन-चार अक्षरांवरून. 'हेक्स एडिटर' नावाचा प्रोग्रॅम फाइलीतली अक्षरं न् अक्षरं उघडी करून दाखवतो. झिप फाइलीची सुरुवात 'पी' आणि 'के' या अक्षरांनी होते. झिप बनवणारा फिल कॅट्झ, त्याची ती आद्याक्षरं. विंडोजच्या प्रोग्रॅमची सुरुवात 'एम' आणि 'झेड'नं होते, ती मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्हस्की यांची. शिल्पकारानं मंदिराच्या कोपऱ्यात आपली खूण सोडावी तसंच हे. अशा खुणा फाइलीच्या पोटात शोधत जाणारा 'बिनवॉक' नावाचा एक मुक्त प्रोग्रॅम आहे. कुठे कोणतं गाठोडं सुरू होतं ते तो सांगतो.

तिसरी गोष्ट, आतल्या फर्मवेअर फाइलीत सुरुवातीला बहुधा एक मथळा असतो. कोणत्या मॉडेलसाठी, कोणती आवृत्ती, एकूण लांबी किती, आणि एक बेरीज. ही बेरीज म्हणजे रोकडवहीच्या पानाखाली जी असते तीच. फाइल उतरवून घेताना एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर बेरीज जुळत नाही. मथळ्यानंतर खरा प्रोग्रॅम, कोष्टकं, आणि शेवटी सही. हेक्स एडिटरमध्ये यातलं बरंचसं किचाट दिसतं, पण मधूनच मॉडेलचं नाव, आवृत्तीचा नंबर, चुकांचे इंग्रजी संदेश सरळ वाचता येतात. आपल्या डिस्कचं मॉडेल त्या यादीत नसेल, तर इथेच थांबायचं. एवढ्या एका वाचनानं किती डिस्का वाचतील!

कधी कधी मात्र काहीच वाचता येत नाही. तेव्हा फाइल फार घट्ट बांधलेली आहे किंवा कुलूपबंद आहे, असं समजायचं. हे कसं ओळखायचं? मराठीचं कुठलंही पान घ्या. त्यात काना भरपूर सापडेल, 'र' आणि 'त' भरपूर सापडतील, 'ङ' शोधून सापडणार नाही. अर्थ असलेल्या मजकुरात काही अक्षरं जास्त, काही कमी, असंच असतं. प्रोग्रॅममध्येही तसंच. पण ज्या फाइलीत सगळीच चिन्हं सारख्या प्रमाणात विखुरलेली दिसतात, कुणी जास्त नाही, कुणी कमी नाही, ती दाबून बांधलेली तरी असते किंवा गुप्त किल्लीनं कुलूपबंद तरी. सॅमसंगच्या आयएसओतली फर्मवेअरची फाइल अशी कुलूपबंदच असते.

इथे आपण आजच्या विषयाच्या गाभ्याशी येतो. सही आणि कुलूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सारखी गल्लत होते.

आता आपल्याला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. तो कुणीही वाचू शकतो. क्षेत्र किती, बोजा कुणाचा, सगळं उघडं. पण त्या फाइलीत कुणी एक आकडा जरी बदलला, तरी स्वाक्षरी जुळणार नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखताची सूची कुणालाही बघता येते, बदलता मात्र कुणालाच येत नाही. ही झाली मोहोर. ती खरेपणाची हमी देते आणि मजकूर लपवत नाही. कुलूप मजकूर लपवतं. खरेपणाची हमी कुलपात आपोआप येत नाही.

फर्मवेअरला मोहोर नसली तर काय होतं, हे गेल्या काही वर्षांत दिसलं. २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या येरून डॉम्बुर्ख यांनी एका हार्ड डिस्कच्या पट्टीवरचं फर्मवेअर बदलून दाखवलं. त्यांची डिस्क वाचून दाखवताना मधल्या मध्ये मजकूर बदलून देत होती. तबकडीवर एक आणि संगणकाला मिळतं दुसरंच! गमतीखातर त्यांनी त्या पट्टीवर चक्क लिनक्सही सुरू केलं. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल या जर्मन संशोधकांनी पेन ड्राइव्हचं फर्मवेअर असं बदललं, की लावल्यावर तो संगणकाला म्हणे, "मी कीबोर्ड आहे," आणि स्वतःच आज्ञा टाइप करू लागे. २०१५ च्या फेब्रुवारीत कॅस्परस्की कंपनीनं एका हेरगिरी करणाऱ्या गटाचा छडा लावला. त्या गटाकडे नामांकित कंपन्यांच्या हार्ड डिस्कचं फर्मवेअर बदलण्याची साधनं होती. डिस्क फॉरमॅट करा, विंडोज नव्यानं टाका, आतला बदल तसाच राहणार. घर झाडून काढलं, पण चोर भिंतीतच राहिला. या सगळ्यांत डिस्कनं नव्या फर्मवेअरला "तू खरंच कंपनीचा का?" असं नीट विचारलेलंच नव्हतं. म्हणून मोहोर हवीच.

आता कुलपाचं बघा. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये नेदरलँड्सच्याच रॅडबाउड विद्यापीठातले कार्लो मायर आणि बर्नार्ड व्हॅन गॅस्टेल यांनी काही एसएसडींचं फर्मवेअर मिळवून वाचून काढलं. या एसएसडी आतली माहिती स्वतःच गुप्त करून ठेवतात, पासवर्डाशिवाय उघडत नाहीत, असं सांगून विकल्या जात होत्या. वाचल्यावर कळलं, की क्रुशलच्या काही मॉडेलांत मालकाचा पासवर्ड आणि माहिती गुप्त करणारी किल्ली यांचा खरा संबंधच जोडलेला नव्हता. फर्मवेअरमधला पासवर्ड तपासण्याचा भाग जरा बदलला की कुठलाही पासवर्ड चाले. दाराला भारी कुलूप, पण कडी चौकटीत अडकवलेलीच नाही! सॅमसंगच्याही काही मॉडेलांत दोष निघाले. विंडोजची बिटलॉकर ही व्यवस्था अशा डिस्कांच्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतः माहिती गुप्त करत नसे. पुढे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती पद्धत बदलली आणि नव्या डिस्कांसाठी ते काम स्वतःकडे घेतलं.

हा दोष कुणी शोधला? ज्यांनी फर्मवेअर उघडून वाचलं त्यांनी. बंद पेटीत तो किती दिवस तसाच पडून राहिला असता कोण जाणे. आणि त्या पेटीवर भरवसा ठेवून डॉक्टरांनी रुग्णांचे कागद ठेवले असतील, वकिलांनी अशिलांचे ठेवले असतील.

कंपन्यांचं म्हणणं असं, की उघडं ठेवलं तर प्रतिस्पर्धी नक्कल करतील. धंद्याच्या दृष्टीनं त्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पण "तुमच्या सुरक्षिततेसाठीच कुलूप लावलं आहे," असं जेव्हा सांगितलं जातं, तेव्हा मला पटत नाही. बाहेरच्यानं खोटं फर्मवेअर चढवू नये, हे काम मोहोर करते. कुलपानं संरक्षण होतं ते मुख्यतः कंपनीच्या गुपिताचं, आणि कधी कधी कंपनीच्या चुकीचंही.

आपल्या कायद्यालाही हे अगदीच परकं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ असं सांगतं, की रीतसर मिळवलेला प्रोग्रॅम ज्या कामासाठी दिला आहे ते करताना, त्यामागची तत्त्वं जाणून घेण्यासाठी त्याचं निरीक्षण, अभ्यास किंवा चाचणी करणं हा हक्कभंग धरला जात नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्काचं, म्हणजे 'राइट टू रिपेअर'चं, पोर्टल सुरू केलं. मोबाइल आणि ट्रॅक्टर यांच्याबरोबर साठवणुकीच्या साधनांचाही हा विचार पुढे जायला हवा. डिस्क मी विकत घेतली, आतली माहिती माझी, मग ती माहिती सांभाळणारे नियम निदान वाचायचा हक्क मला नको का?

आता ज्यांना फक्त आपली डिस्क नीट राहावी असं वाटतं, त्यांच्यासाठी चार सरळ गोष्टी सांगतो.

'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा फुकट प्रोग्रॅम विंडोजवर चालतो. त्यात डिस्कचं मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती आणि ती किती तास चालली हे तिन्ही दिसतं. ते एका वहीत लिहून ठेवा. मग कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलसाठी काही सूचना आहे का ते बघा. दुसऱ्या कुणी पाठवलेली, मोबाइलवरून फिरत आलेली फर्मवेअरची फाइल कधीही चढवू नका. कंपनीनं फाइलीसोबत तिची अंकांची खूण, म्हणजे हॅश, दिली असेल तर उतरवलेल्या फाइलीचा हॅश काढून ताडून बघा. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी फाइल टाकून द्या.

अपडेटचं कारण वाचल्याशिवाय अपडेट करू नका. डिस्क व्यवस्थित चालली आहे आणि सूचनेत तुमच्या कामाचं काही नाही, तर उगाच घाई नको. पण ३२,७६८ तासांसारखा इशारा असेल, तर आजचं उद्यावर टाकू नका.

वीज हा तर आपल्याकडचा जुना प्रश्न. परळीचं औष्णिक वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात, आणि भारनियमनाची सवयही आपल्यालाच. फर्मवेअर चढत असताना वीज गेली तर अर्धं जुनं, अर्धं नवं, अशी अवस्था होते आणि डिस्क कुठलीच राहत नाही. माजलगावच्या एका छायाचित्रकाराची डिस्क अशीच अर्ध्या मिनिटाच्या वीजखंडानं गेली. आताच्या एनव्हीएमई प्रकारच्या डिस्कमध्ये फर्मवेअर ठेवायला एकाहून जास्त कप्पे ठेवण्याची सोय आहे, जास्तीत जास्त सात. असे कप्पे असले तर नवं नीट बसलं नाही तरी जुनं हाताशी राहतं. पण प्रत्येक डिस्कमध्ये ते असतीलच असं नाही. म्हणून लॅपटॉप पूर्ण भरलेला, किंवा यूपीएसची बॅटरी खरंच चालते याची खात्री केलेली, आणि मगच हात लावायचा.

लिनक्समध्ये 'एचडीपार्म' नावाचा प्रोग्रॅम आहे. त्यातून डिस्कवर फर्मवेअर चढवायचं असेल, तर आज्ञेत दोन वाक्यं अक्षरशः टाइप करावी लागतात. एकाचा अर्थ, 'होय, मी काय करतोय ते मला ठाऊक आहे'. दुसऱ्याचा अर्थ, 'कृपया माझी डिस्क नष्ट करा'. लिहिणाऱ्याचा विनोद आहे, पण सल्लाही आहे. ही दोन वाक्यं मनापासून म्हणता येत नसतील, तर हात आवरावा. आणि ती म्हणता येण्याची एकच अट आहे. आतल्या सगळ्याची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरात ठेवलेली असली पाहिजे. दोन्ही प्रतींच्या डिस्का शक्यतो एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या नसाव्यात. त्या सर्व्हरवाल्यांचं काय होणार होतं, ते आपण आताच ऐकलं.

तरुण मुलामुलींना एक विनंती आहे. अंबाजोगाईला, बीडला अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र शिकणारी पुष्कळ मुलं आहेत. तुमच्याकडे एखादी जुनी, निकामी डिस्क असेलच. तिच्या मॉडेलची अपडेट फाइल कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवा आणि ती चढवायच्या ऐवजी उघडून बघा. गाठोडी सोडा, मथळा शोधा, मॉडेलची नावं वाचा, कुठे कुलूप लागलंय ते ओळखा. कुणाचंही नुकसान न करता शिकण्याची ही फार चांगली शाळा आहे. पुढे यातलाच कुणी आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या दवाखान्याची किंवा पतसंस्थेची माहिती वाचवील.

माझ्या दुकानात माणूस विचारतो, "आतलं निघंल का?" हा प्रश्न तो डिस्क मेल्यावर विचारतो. डिस्क जिवंत आणि धडधाकट असताना त्यानं विचारावं, "माझं आतलं कोण सांभाळतंय, कोणत्या नियमानं सांभाळतंय, आणि ते नियम बदलणारा कागद मला वाचायला मिळेल का?" हे विचारणारे गिऱ्हाईक वाढले, तर कंपन्यांनाही उत्तर द्यावंच लागेल.